निम्मं ओझं

महिनाभराच्या पायी भटकंतीसाठी थोरल्या जावेने नाव दिलं, म्हणून ईर्षेने धाकटीनेही दिलं. घराच्या वाटण्या झाल्यापासून दोघींचं बोलणं कामापुरतंच. पहिल्याच चढावर बाकीचे पुढे गेले आणि पाठीवरच्या ओझ्याने वाकलेल्या या दोघीच मागे उरल्या. धापा टाकत मुक्कामाला पोचल्यावर थोरलीने दोन्ही सॅक जमिनीवर पालथ्या केल्या. दोन तंबू, दोन स्टोव्ह, दोन पातेली, साखरेचे दोन डबे.

"अगं, मला विचारायचं तरी!"

"तुम्ही विचारलंत?"

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या आणि एकदम खो खो हसत सुटल्या.

"एका तंबूत मावू?"

"मावू की. पण जाऊबाई, तुम्ही घोरता."

"आणि तू झोपेत भांडतेस."

धाकटीचं जादाचं सामान तिथल्या रखवालदाराकडे ठेवून झालं. एकाच पातेल्यात दोघींचा चहा चढला, तेव्हा थोरलीने नवऱ्याला फोन लावला.

"अहो, ओझं निम्म्यावर आलंय. आम्ही दोघींनी चूल एक केली."

पलीकडे फोन न ठेवताच नवऱ्याने भिंतीपलीकडच्या भावाला कित्येक वर्षांनी घातलेली हाक तिला ऐकू आली, "अरे ए, चहा टाकतोय, ये इकडे!"