बाबांचं स्टॉपवॉच

"बेचाळीस सेकंद," स्टॉपवॉच दाबत बाबांनी जाहीर केलं. ते शाळेत पीटीचे सर होते. माझा प्रोग्रॅमही शंभर मीटरच्या शर्यतीसारखा मोजत होते.

माझ्या स्क्रीनवर सहाच सेकंद होते. "बाबा, प्रोसेसरनं प्रत्यक्ष काम केलेला वेळच आम्ही मोजतो. बाकी वेळ तो माहिती यायची वाट बघत असतो. ती वाट बघितलेली धरायची नाही."

"कमाल आहे," म्हणत ते उठून गेले.

चाचण्या आटोपून मी जेवायला आले तेव्हा तीन वाजून गेले होते. टेबलावर दोन्ही ताटं पालथीच होती. बाबांच्या हातात स्टॉपवॉच चालू होतं.

"कधीपासून थांबलात?"

त्यांनी ते शून्यावर आणलं.

"वाट बघितलेली धरायची नाही ना? बस, वाढतो."