लामणदिव्याची साखळी
“लामणदिवा भुईले टेकू देऊ नको सूनबाई,” शेवटच्या आजारात सासूबाई म्हणाल्या होत्या आणि कालिंदीने वचन दिलं होतं. उद्या अमरावतीत जुन्या गाड्यांची रॅली, आणि आज अकोल्यात नवऱ्याच्या लाडक्या स्पोर्ट्सकारच्या सायलेन्सरचं ब्रॅकेट तुटलं. नवं कुठंच मिळेना. त्याने देवघरात जाऊन लामणदिव्याची पितळी साखळी उतरवली, घरी बोलावलेल्या मेकॅनिककडून तिच्यात सायलेन्सर टांगून घेतला आणि दिव्यात नटबोल्ट ठेवले. “अवो, दिवा कुठी लावू मंग?” “ठेव फरशीवर! माय गेली, तिचे नेमबी तिच्यासंगं गेले.” मेकॅनिक फिदीफिदी हसला. “सासू पाहाले येते काय आता, वैनी?” दिवेलागणीला मेकॅनिक गेला, नवरा आरशापुढे उद्याची टोपी घालून पाहत होता. कालिंदीने दिवा घासला, वात घातली, पदर खोचला आणि पक्कड उचलली. “आता तूच टेक भुईले,” सायलेन्सरकडे पाहून ती पुटपुटली आणि गाडीखाली सरकली.