बॅग भर

एखाद्या खेळाडूला मोठ्या लीगमधून बोलावणं आलं, की बेसबॉल कोच वेंडल त्याला आधी खोलीत घेऊन चांगलं झापायचे. “बॅग भर, तुझं इथलं संपलं!” पोराचा चेहरा उतरला की मग हसत सांगायचे, “अरे गाढवा, वर बोलावलंय तुला!”

या गावच्या छोट्या संघात कोचचे केस पांढरे झाले. त्यांना मात्र वरून कधी बोलावणं आलं नाही.

आज संघाच्या मालकांच्या ऑफिसातून रस्टी आला; खेळणं सोडून तो आता तिथेच कामाला होता. एकेकाळी त्यालाही कोचनी असंच रडवून वर पाठवलं होतं. दारातच उभा राहून तो म्हणाला, “कोच, बॅग भरा. तुमचं इथलं संपलं.”

सूर्यफुलाच्या बिया चघळता चघळता कोच खो खो हसले. “गुरूची विद्या गुरूलाच होय रे? बरं, आता पुढचं बोल.”

रस्टीने डोक्यावरची टोपी काढली.

“पुढचं काही नाही, कोच.”