रापणीवरून गेलेली होडी

बाळाचा हात बाहेर आला होता आणि डोकं कुठेच लागत नव्हतं. बाबली सुईण पडवीत आली. तेलाचे हात लुगड्याला पुसत म्हणाली, "काशीबाय, पोर आडवा आसा. ह्या माज्या हातातला नाय. सुनेक मालवणाक व्हरा, आत्ताच्या आत्ता."

काशीबाईने आत डोकावून पाहिलं. दुर्गाने ओठ चावून रक्त काढलं होतं. तिला ओरडायलाही बळ उरलं नव्हतं.

मालवणला जायच्या वाटा दोनच. डोलीने घाटी चढून, नाहीतर होडीने. गेल्या साली गुरुदासाची बायको घाटीच्या वळणावर डोलीतच गेली होती. वाडीत सरकारी नर्सबाई येई, पण ती नसबंदीच्या बायका गोळा करायला. बाळंतपणाला डॉक्टर हवा तर समुद्रातूनच जावं लागे.

होडी किनाऱ्यावर होती, पण तिच्यापुढे रापण पडली होती. या खडपापासून त्या खडपापर्यंत जाळं लागलं होतं आणि दोन्ही टोकांचे दोर वाडीचे पुरुष ओढत होते. ट्रॉलर आल्यापासून किनाऱ्याला मासळी लागत नव्हती. आज किती दिवसांनी बांगड्यांचा थवा आत आला होता. जाळ्यातलं पाणी काळं दिसत होतं. ओढत्या रापणीवरून होडी न्यायची नाही, असा वाडीचा नेम. जाळ्याचा वरचा दोर दबला की थवा तिथूनच निसटतो. त्यात अडलेल्या बाईची होडी म्हणजे विटाळ.

रापणीचा म्होरक्या, तांडेल धोंडू, हा काशीबाईचा नवरा. ती वाळूतून धावत त्याच्याकडे गेली.

"उन्हां डोक्यार येयसर थांब," धोंडू म्हणाला. "जाळा वाळूक लागला की मीच होडी लोटतंय."

"ती तवसर रवाची नाय."

"बायलांची बाळंतपणां काय आजच होतत? माज्या आवशीन धा पोरां ह्याच घरात काढल्यान."

"आणि त्यातले उरलात तुमी एकटेच."

दोर ओढणारे हसले. धोंडूने मागे वळून पाहिलं तसे पुन्हा दोराला लागले. मग तो हळू आवाजात म्हणाला, "काशी, सगळ्या वाडीच्यो चुली ह्या जाळ्यार आसत. एका बाईसाठी सगळ्यांच्या पोटार पाय देऊ?"

काशीबाईला त्या चुली माहीत होत्या. महिनाभर तिच्याही चुलीवर नुसती पेजच शिजत होती. तिने मुलाकडे पाहिलं. सत्यवान कमरेला दोर लावून मान खाली घालून ओढत होता.

"सत्या, बायल तुजी आसा रे."

सत्यवानाने बापाकडे पाहिलं. दोर काही सोडला नाही.

काशीबाईने कासोटा घट्ट केला. बायकांनी दुर्गाला गोधडीत घालून आणलं आणि होडीत निजवलं. होडी लोटली ती बायकांनीच. एक वल्हं बाबलीने धरलं, दुसरं काशीबाईने.

"रापणीक शिवा नको!" धोंडू किनाऱ्यावरून ओरडला. "गावाभायर काडीन तुका!"

"काडा! भायरच चललंय मी!"

जाळ्याच्या दोराशी होडी अडली. काशीबाई उठली आणि पाण्यात उतरली. दोर दोन्ही हातांनी धरून तिने त्यावर सगळा भार टाकला. दोर खाली गेला, त्याबरोबर तीही गळ्यापर्यंत खाली गेली. बाबलीने वल्हं मारलं. होडीचा तळ काशीबाईच्या खांद्याला घासून पलीकडे गेला.

आणि थवा वळला. बांगडे तिच्या मानेवर, छातीवर, तोंडावर आदळत बाहेर निघाले. तिने डोळे मिटून घेतले, पण होडी पुरती पार होईपर्यंत हात सोडले नाहीत. मग बाबलीने तिला अंबाड्याला धरून होडीत ओढून घेतलं.

किनाऱ्यावर दोर एकाएकी हलका झाला. ओढणारे मागच्या मागे वाळूत पडले. शिव्यांचा नुसता कल्लोळ झाला. सत्यवान उठला. हातातल्या दोराकडे त्याने एकदा पाहिलं, तो टाकला आणि घाटीच्या दिशेने पळत सुटला.

चार दिवसांनी काशीबाई एकटीच परतली. किनाऱ्यावर पुन्हा रापण ओढून झाली होती. जाळ्यात मूठभर तारली आली होती आणि धोंडू वाटे घालत होता. तिला पाहूनही कोणी ये म्हटलं नाही.

"पोर?" धोंडूने विचारलं.

"झील होतो. गेलो."

धोंडूचा हात वाट्यावरच थांबला.  मग सगळ्यांना ऐकू जाईल असा बोलला, "मासळी गेली. नातूय गेलो. रापणीच्या दोराक हात लावता तेका वाटो, हो आपलो कायदो. तू तर आख्खी लोंबाकळलंस. सांग, काय घालू तुज्या पाटयेत?"

मागे कोणीतरी फिसकन हसलं.

"माका नको," काशीबाई म्हणाली. "माजो वाटो मी त्याच दिसा घेतलंय. मालवणात खाटेर उठान बसली आसा, पेज खाता."