भिंत न्याहाळणारी जाऊ

रंगखान्यात रंग पारखायचा मान वीस वर्षं थोरल्या जावेचा. पण हल्ली सासूबाई धाकटीला विचारायच्या, "पोरी, लाल जमला का?" थोरलीच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. आपण सकाळपासून हंड्यावरून नजर हटवत नाही, आणि ही बया निम्मा वेळ राखाडी भिंत न्याहाळत बसते! आजही थोरलीला लाल फिकाच वाटला. तिनं रंगाची पुडी उचलली, तशी धाकटी म्हणाली, "थांबा जाऊबाई, कापड वाया जाईल. एकच रंग बघून बघून डोळा विटतो, गडदही फिका दिसतो. जरा भिंतीकडे बघा." "कालची तू, मला बघायला शिकवणार?" थोरली फणकारली, पण तिला खोटं पाडायला भिंतीकडे बघत राहिली. मग हंड्याकडे वळली, तर लाल रक्तासारखा गडद! दारातून सासूबाईंनी विचारलं, "काय, कुणाचं खरं?" थोरलीनं अख्खी पुडी हंड्यात उपडी केली. "फिकाच होता!"