डावा रस्ता

मास्तर मुक्कामाला पोचले तेव्हा बाकीच्यांची जेवणं उरकली होती. मोटरसायकल त्यांनी फाटकातून ढकलतच आत आणली. हँडल वाकडं, एक आरसा गायब, आणि बुटापासून खांद्यापर्यंत एका अंगाला चिखलाचा लेप.

"आले, आले!" अंगणातून कोणीतरी ओरडलं. "मास्तर, हजेरी होऊन गेली! उशिराचा शेरा मिळणार!"

सगळे हसले. मास्तरही हसले. उभा जन्म शाळेत चित्रकला शिकवल्यावर असले विनोद अंगवळणी पडतात. हसली नाही ती फक्त त्यांची मुलगी. पायरीवर बसून ती बुटाची नाडी सोडत होती, ती तिने पुन्हा बांधायला घेतली.

कॅप्टनही हसला नाही. मोटरसायकलींच्या या सहलीत सगळ्यांना घेऊन जायची जबाबदारी त्याची, आणि त्याचा नियम एकच. रोज सकाळी निघण्याआधी तो सगळ्यांकडून म्हणून घ्यायचा: रस्ता फुटेल तिथे पुढच्याने थांबायचं, मागच्याने आपल्याला पाहिलं की मगच हलायचं. मास्तरांच्या पुढे त्यांची मुलगी होती.

"पूल संपला की डावा रस्ता घ्यायचा होता," कॅप्टन म्हणाला. "तुम्ही सरळ त्या चिखलाच्या वाटेला कसे गेलात? तिथे कोणी उभं नव्हतं?"

नाडीची गाठ काही केल्या बसेना.

ती थांबली होती. हेल्मेट काढून, केस सोडून पुन्हा बांधून होईपर्यंत थांबली होती. मग पुढच्या गाड्यांचा आवाज विरत गेला आणि तिच्या मनात आलं, आज पुन्हा आपण सगळ्यात मागे. आज पुन्हा कोणीतरी म्हणणार, पोरीच्या गाडीला वडिलांचा ब्रेक आहे. बाबांना काय, रस्ता ठाऊक आहे. सगळ्या प्रवासाचा नकाशा त्यांनीच तर काढलाय, नद्या निळ्या आणि घाट तांबडे रंगवून. तिने हेल्मेट चढवलं आणि गाडीची मूठ पिळली.

"होती की, ही होती ना उभी," मास्तर म्हणाले. "चांगली हात करत होती. माझंच लक्ष नव्हतं. समोरच्या डोंगराचा रंग बघत राहिलो. चूक माझी. करा बाकावर उभं."

या वेळी कोणी हसलं नाही.

"मास्तर, राग मानू नका," कॅप्टन खाली बघत म्हणाला. "पण समोरून केलेला हात दिसत नसेल, तर उद्याच्या घाटात तुम्हाला गाडी चालवू देणं मला जमायचं नाही. तिथे कठडेसुद्धा नाहीत. तुम्ही सामानाच्या टेम्पोत बसा. तुमची गाडीही त्यातच चढवू."

उद्याचा घाट. एवढ्यासाठीच तर मास्तर आले होते. आणि पुढच्या वर्षी या वयाच्या माणसाला बरोबर घ्यायला कोणी तयार झालं नसतं.

तिने मान वर केली. वाक्य लहानसंच होतं. पण तिच्याकडे कोणी बघत नव्हतं. बघत असतं, तर कदाचित निघालंही असतं तोंडातून.

"टेम्पो माथ्यावर थांबतो ना?" मास्तरांनी विचारलं.

"थांबतो की."

"मग झालं तर. चित्र काढायला हात मोकळे."

"बाबा..." ती उठून उभी राहिली.

"अगं, काही लागलेलं नाही," ते घाईने म्हणाले. "चिखल मऊ होता. तू बस. दिवसभर चालवून दमली असशील."

टेम्पोवाल्याने मागची फळी पाडली. त्याने आणि मास्तरांनी मिळून मोटरसायकल वर चढवली. ती हात लावायला पुढे गेली, पण तिला धरायला जागाच उरली नव्हती. तेवढ्यात मास्तरांचा फोन वाजला. त्यांनी तळवा विजारीला पुसून तो कानाला लावला.

"हं, बोल. पोचलो, केव्हाच पोचलो. नाही गं, पाठ जरा धरलीये, म्हणून मीच म्हटलं उद्या टेम्पोतून येतो. छे! ती सोडतेय कुठे मला? थांब, देतो तिच्याकडे."

फोन चिखलाने बरबटला होता. तिने तो दोन्ही हातांनी घेतला.

"जेवलीस का गं?" आई म्हणाली. "खरं सांग हं, बरे आहेत ना ते? तू पुढे आहेस म्हणून मी हो म्हटलं. नाहीतर या वयात पाठवते होय मी त्यांना!"

टेम्पोवाला दोर आवळत होता. "हळू रे बाबा," मास्तर त्याला सांगत होते, "टाकीचा रंग जाईल."

"बरे आहेत," ती म्हणाली.

आई मग शेजारणीच्या गुडघ्याबद्दल काहीतरी सांगू लागली. ती ऐकत राहिली, मध्येमध्ये हं म्हणत, बाबांकडे पाठ करून.