चुन्याची रेघ

सकाळी साडेदहाला साहेबाच्या बंगल्याला गिऱ्हाईक आलं. समुद्रकाठच्या गावाबाहेरचा, इंग्रजांच्या काळातला हा बंगला बागेसकट विकायला काढला होता आणि भिकाजी त्याचा राखणदार होता.

"बागेत थडगं-बिडगं नाही ना, काका? आमची ही भित्री आहे," गिऱ्हाईक हसून म्हणालं. "नसेल तर घेतो, आणि तुम्हालाही ठेवतो."

"नाय हो, तसला काय नाय," भिकाजी म्हणाला.

चाफ्याखाली त्याचं तीन दिवसांचं लेकरू पुरलेलं होतं. तीस वर्षं त्याची बायको पारू तिथे रोज अबोली वाहत होती.

आठवड्याने पोहण्याच्या तलावासाठी बागेत चुन्याची रेघ पडली. चाफा रेघेच्या आत होता.

ओंजळीत अबोली घेऊन आलेली पारू थबकली. "अवो, ही रेघ कसली मारल्यानी?"